माइकच्या पोटातील अर्थकारण

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील दोन खोल्यांच्या घरांतून सध्या एक उद्योग निमूटपणे चालू आहे. हजार-बाराशे रुपयांना घरपोच मिळणारा कंडेन्सर माइक घ्यावयाचा, त्याचे नळकांडे उघडावयाचे, आतील छापील पट्टीवरचे काही सुटे भाग उतरवून त्यांच्या जागी निवडून आणलेले दुसरे भाग सोल्डरिंगने बसवावयाचे आणि मग त्याच माइकवर पोटापाण्याचे काम करावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. शेजारपाजारची मंडळी याला पोराचा छंद म्हणतात. सरकारी खानेसुमारीत त्याची नोंद होण्याचा संभव नाही. तथापि स्वस्त वस्तू, कुशल हात आणि आयातीवर चालणारी बाजारपेठ यांचा परस्परसंबंध ज्यांना समजून घ्यावयाचा आहे, त्यांनी हे उघडे नळकांडे जवळून पाहावे.

या उद्योगाची गरज कोठून निर्माण झाली हे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. डबिंग, जाहिरातींचे निवेदन, बोलकी पुस्तके यांचा धंदा मुख्यत: अंधेरी पश्चिमेच्या वर्सोवा-ओशिवरा भागातील स्टुडिओंत एकवटलेला होता. स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने २०१७ साली भारतात पाऊल टाकले तेव्हा मराठी पुस्तकेही श्राव्य रूपात येऊ लागली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, स्टुडिओंना कुलपे लागली, आणि कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, अंगावर गोधडी पांघरून निवेदने ध्वनिमुद्रित करण्याची पाळी कलावंतांवर आली. टाळेबंदी उठली, पण घरून काम मागण्याची ग्राहकांची सवय उठली नाही. स्टुडिओचे भाडे ज्याच्या माथी पडत असे, तो खर्च आता निवेदकाच्या माथी पडला. ज्याच्यापाशी लाखाचा माइक घेण्याची ऐपत नाही, त्याने हजाराचा घेतला. आणि दोन कामे परत आल्यावर तो उघडला.

कंडेन्सर माइकचे तत्त्व जुने आहे. अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी १९१६ साली ते प्रत्यक्षात आणले. बर्लिनच्या जॉर्ज नॉयमान यांच्या कारखान्याने १९२८ पासून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी विद्युत्‌भार कायम धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा, म्हणजे इलेक्ट्रेटचा, माइक सिद्ध केला आणि ही महाग वस्तू कवडीमोलाने करता येईल असा मार्ग खुला झाला. एक स्थिर तबकडी, तिच्यासमोर कंप पावणारा पडदा, आणि दोहोंमध्ये काही दशक पिकोफॅरड इतकीच धारकता. एवढ्यावर सारा खेळ. त्यातून निघणारा संदेश इतका नाजूक असतो की, तो पुढच्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचविण्यासाठी शंभर कोटी ओहमच्या घरातील रेझिस्टर लावावा लागतो. अशा जागी बोटाचा तेलकट ठसा उमटला तरी विद्युत्‌प्रवाहाला पळवाट मिळते आणि माइक खरखरू लागतो. चांगले कारखाने ही जोडणी पट्टीला टेकू न देता हवेत तरंगती ठेवतात. स्वस्त कारखान्यात ती इतर जोडण्यांबरोबर सरसकट पट्टीवरच होते, आणि पट्टी धुण्याचे कष्टही बहुधा कोणी घेत नाही.

‘बीएम-८००’ या नावाने विकला जाणारा माइक या वर्गाचा नमुना म्हणता येईल. बाहेरून त्याची जाळी आणि देह थेट स्टुडिओतील भारी माइकसारखा. आत पाहावे तर त्या प्रशस्त जाळीमागे बोटाच्या पेराएवढी इलेक्ट्रेटची डबी बसविलेली असते. वाड्याची वेस उघडावी आणि आत पडवीही नसावी, तशातला प्रकार. त्यात पुन्हा अनेक ग्राहक तो ४८ व्होल्टच्या पुरवठ्यावर न चालविता संगणकाच्या छिद्रात खुपसतात, जेथे पाच व्होल्ट मिळण्याचीही मारामार. आवाज क्षीण येतो आणि मागे सतत सरसर ऐकू येते. याहून एक पायरी वर, चार-सहा हजारांच्या वर्गात, डबी खरोखर मोठी असते. ती बहुधा नॉयमानच्या १९६७ सालच्या यू-८७ या माइकमधील डबीची नक्कल असते. गंमत अशी की, मूळ डबीच उंच स्वरांना उठाव देणारी आहे, आणि मूळ माइकच्या मंडलात तो उठाव मोजून खाली आणण्याची सोय आहे. नक्कल करणाऱ्यांनी डबी उचलली, मंडल मात्र दुसरे, सरळसोट घेतले. परिणाम असा की, ‘स’ आणि ‘श’ कानात टोचतात. मराठीत ‘चांदणे’ आणि ‘जसजसे’ अशा दंततालव्य उच्चारांची रेलचेल असल्याने मराठी निवेदकाला हा दोष अधिकच जाचतो. तो घालवण्यास बहुतेक वेळा योग्य जागी बसविलेला एक लहानसा कपॅसिटर पुरतो.

मग तो कारखान्यानेच का बसवू नये? याचे उत्तर त्रैराशिकाचे आहे. एका नगामागे दहा रुपये वाचले तर लाख नगांमागे दहा लाख वाचतात; आणि जो ग्राहक पडद्यावरील चित्र पाहून माइक मागवितो, त्याला आतील दहा रुपये दिसतच नाहीत. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच सांगितले होते. विकणाऱ्याला मालाचे गुण ठाऊक, घेणाऱ्याला नाहीत. अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे सरतो, कारण चांगुलपणाची किंमत द्यायला कोणी तयार नसते. माइकच्या बाबतीत नळकांडे हेच अज्ञानाचे आवरण होय. ते उघडणारा माणूस एका परीने या बाजाराचा परीक्षक ठरतो. परंतु परीक्षकाचे शुल्क कोणी देत नाही, उलट नळकांडे उघडताक्षणी हमी रद्द होते.

येथे या उद्योगाचे खरे दुखणे आहे. पहिला माइक सुधारण्यास नवशिक्याचे दोन-तीन दिवस सहज जातात. त्या दिवसांची मजुरी कुशल कारागिराच्या दराने लावली, तर सुधारलेला माइक वरच्या पायरीच्या नव्या माइकपेक्षा महाग पडेल. म्हणजे हा व्यवहार फायद्याचा ठरतो तो केवळ त्या तरुणाच्या श्रमाची किंमत शून्य धरल्यावर. पदवी हाती आहे, हातात कसबही आहे, पण त्या कसबाला दुसरा गिऱ्हाईक नाही, म्हणून ते स्वत:च्याच वस्तूवर खर्च होते. काटकसरीचे कौतुक करणाऱ्यांनी तिच्या तळाशी असलेली ही अर्धबेकारी विसरू नये. अर्थात हिशेबाची दुसरी बाजूही आहे. केनेथ ॲरो यांनी १९६२ सालीच दाखवून दिले की, करताकरता जे ज्ञान साठते ते भांडवलासारखेच फळ देते. दहावा माइक तासाभरात होतो. पण दहावा माइक यावा यासाठी नऊ गिऱ्हाइके हवीत, आणि ती मिळण्यासाठी या कसबाला व्यवसाय म्हणून मान्यता हवी.

या क्षेत्रात भाबडेपणाही पुष्कळ आहे, हे सांगितले पाहिजे. सर्व कपॅसिटर बदलले की आवाज रेशमी होतो, अमुक देशाचा भाग घातला की त्याला ऊब येते, अशी श्रद्धा पसरलेली दिसते. नवसाला पावणाऱ्या दगडाप्रमाणे सुट्या भागांचीही दैवते झाली आहेत. वास्तविक सर्वांत मोठा फरक डबी बदलल्याने पडतो. त्यानंतर पहिल्या ट्रान्झिस्टरचा आणि त्याच्या रेझिस्टरचा क्रम लागतो. ज्या वाटेने आवाज जातो तेथील हलका सिरॅमिक कपॅसिटर काढून फिल्मचा घातल्याने थोडा लाभ होतो. बाकीच्यांचा परिणाम कानापेक्षा मनावर अधिक होत असावा. आणि या सर्वांच्या आधी खोली येते. घाटकोपरच्या माथ्यावरून सांताक्रूझच्या धावपट्टीकडे उतरणारी विमाने, रुळांवरून जाणारी लोकल, शेजारच्या कुकरची शिटी; कंडेन्सर माइक यांतले काहीच सोडत नाही. तो जितका सुधारावा तितका अधिक ऐकतो. पाचशे रुपयांचा ट्रान्झिस्टर घालण्यापूर्वी भिंतीला दोन जुन्या रजया टांगणे हा अधिक किफायतशीर गुंतवणुकीचा मार्ग होय. सीमांत उपयोगितेचा नियम सोल्डरिंग करणाऱ्यालाही चुकत नाही.

सुटे भाग आणावयाचे कोठून, हा पुढचा प्रश्न. लॅमिंग्टन रोडला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव मिळाले, पण रेडिओच्या धंद्यातील माणसाच्या तोंडी जुनेच नाव राहिले आहे. बोरिवलीहून ग्रँट रोडपर्यंत लोकलने यावे, मुलुंडकराने दादरला गाडी बदलावी, आणि अर्धा दिवस मोडून वीस रुपयांचा माल घेऊन जावे, असा हा व्यवहार. त्यातही जो ट्रान्झिस्टर हवा तो खरा असेलच याची शाश्वती नाही. तोशिबा कंपनीचा २एसके१७० हा कमी खरखरीचा ट्रान्झिस्टर कंपनीने बनविणे केव्हाच थांबविले. बाजारात त्या नावाची नक्कल मात्र मुबलक मिळते. नकली माइक सुधारण्यासाठी नकली ट्रान्झिस्टर घेण्याची ही वेळ म्हणजे अकरलॉफच्या सिद्धान्ताचा दुहेरी पुरावाच.

हे असे का झाले? होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली इलेक्ट्रॉनिक्समध्ये स्वयंपूर्णतेचा आराखडा मांडला. १९७१ साली इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला. १९७३ साली अंधेरी पूर्वेस सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सीप्झ, उभे राहिले. ठाण्यात मर्फीचे रेडिओ बनत होते. उपनगरांत कसब होते, कारखाने होते, मागणी होती. परंतु सीप्झचा माल परदेशी जाण्यासाठी होता. कुंपणाबाहेरच्या मरोळच्या गाळेवाल्याशी त्याचे नाते जडले नाही. याच काळाच्या थोडे आधी, १९५७ साली, पेकिंगमध्ये पूर्व जर्मनीच्या साह्याने ७१८ क्रमांकाचा संयुक्त कारखाना सुरू झाला. पुढे त्याचे जे भाग पाडले गेले, त्यांपैकी ७९७ या कारखान्याने माइक आणि ध्वनिक्षेपक हा आपला विषय सोडला नाही. जगातील अनेक स्वस्त माइकांचा जन्म आज त्या व तशा कारखान्यांत होतो. तेथे कोणी अलौकिक प्रतिभावंत होते असे नाही. एका लहान वस्तूवर पाच-सहा दशके टिकून राहण्याचा चिवटपणा होता. आपल्याकडे मोठ्या घोषणांना तोटा नव्हता. डबीतला पातळ पडदा ताणून बसविण्याचे काम कोणाच्या योजनेत आले नाही.

आता पुन्हा योजना आली आहे. २८ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली, आणि रेझिस्टर-कपॅसिटरसारखे किरकोळ समजले जाणारे भागही तीत धरले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तिचे गणित मोठ्या गुंतवणुकीचे आणि घाऊक मागणीचे राहणार. त्या कारखान्यातून निघालेले दहा कपॅसिटर लॅमिंग्टन रोडच्या फळीवर खात्रीच्या मालाच्या रूपाने पोचतील काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. दुरुस्तीच्या हक्काबाबत २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राने समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळही उघडले. हजार रुपयांच्या माइकसारख्या किरकोळ उपकरणाचा विचार तेथवर पोचलेला दिसत नाही. आयातदाराला देशात माल विकण्याची मोकळीक देताना मंडलाचा नकाशा पेटीत घालण्याची अट लावणे फारसे कठीण नाही. त्याचा खर्च एका कागदाचा आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. ध्वनिमुद्रणाच्या उपकरणांची निगा हा त्यातला एक स्वतंत्र विषय करावा, आणि ज्या शहरात चित्रपट, जाहिरात व निवेदन यांवर हजारो कुटुंबे जगतात तेथील संस्थांत तो प्रथम सुरू व्हावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. निवेदकांच्या संघटनांनीही स्वस्त माइक बाळगणाऱ्या आपल्या नव्या सभासदांना नाके मुरडण्यापेक्षा, चांगल्या दुरुस्तीकाराचे नाव आणि दर जाहीर करण्याची प्रथा पाडावी. दर जाहीर झाला की श्रमाची किंमत शून्य धरण्याची सवय आपोआप सुटू लागेल.

तोवर जूनची सर आली की उपनगरांतील हे माइक पुन्हा कुरकुरू लागणार आहेत. शंभर कोटी ओहमच्या त्या जागेला मुंबईची दमट हवा मानवत नाही. मग पट्टी स्पिरिटने पुसून, माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह पोळ्यांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला जातो, आणि काम आले की रात्री साडेअकरानंतर, गल्ली निजल्यावर, बाहेर काढला जातो.