देवाने विटेची दिशा विचारली नाही

माउली, नवे घर झाले, आनंदाची गोष्ट आहे. गावाकडचे बिऱ्हाड आवरून, पै-पै जमवून, वीस वर्षांच्या हप्त्यांचे ओझे डोक्यावर घेऊन लेकरांसाठी शहरात दोन खोल्या मिळवणे सोपे नव्हे. पण एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो थोडा बोचेल. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकत नाही, घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी आहे. मग किल्ली हाती पडल्यावर पहिला फोन वास्तुतज्ज्ञाला का गेला?

तो येतो, होकायंत्र काढतो आणि सांगतो की दार दक्षिणेला आहे, ओटा भलत्याच कोपऱ्यात आहे, ईशान्येला संडास आला आहे. सकाळपर्यंत जे घर समाधानाचे होते, ते अर्ध्या तासात संकटाचे होऊन बसते. मग उपाय सुरू होतात. कोपऱ्यात पिरॅमिड, उंबऱ्याखाली तांब्याची पट्टी, दारावर घोड्याची नाल. तेवढ्याने भागले नाही तर भिंत फोडा. हप्ता भरताना ज्याची ओढाताण होते, तोच भिंत फोडायला उसने पैसे काढतो. संडासाची जागा हलवली की खालच्या घरात पाणी झिरपू लागते आणि शेजाऱ्याशी पहिली ओळख भांडणाने होते. एवढे करून घरात राहायला कोण येते? भीती. पुढे मुलाला ताप आला, नोकरीत अडचण आली, की बोट भिंतीकडे जाते.

वारीत आपण असे वागतो का? आळंदीहून माउलींची पालखी निघते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत आपण पंढरीला पोहोचतो. जवळजवळ रोज नवे घर. कधी राहुटी, कधी शाळेचा व्हरांडा, कधी अनोळखी माणसाचे अंगण. राहुटीचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे आजवर कोणी विचारले? चूल मांडतो ती वारा बघून, अंथरूण टाकतो ते उतार आणि चिखल बघून. संध्याकाळी हरिपाठ झाला की ती परकी जागा आपली होते. वर्षातले सगळ्यांत सुखाचे दिवस कोणते, असे विचारले तर तुम्ही हेच दिवस सांगाल. मग वारीत जे खरे असते, ते घरी परतल्यावर खोटे कसे ठरते?

आणि आपल्या देवाचे घर तरी कसे आहे? कथा तुम्हाला पाठ आहे, पण नव्या घराच्या दारात उभे राहून ती पुन्हा आठवा. पांडुरंग पुंडलिकाच्या दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने सेवा थांबवली नाही. हाताशी असलेली वीट बाहेर सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. देवाने विटेची दिशा विचारली नाही, दाराचे तोंड पाहिले नाही. त्याने आत काय चालले आहे ते पाहिले आणि तिथेच उभा राहिला. ज्या घरात आईबापांची सेवा आहे, त्या घराबाहेर देव अठ्ठावीस युगे उभा राहतो, यावर आपला सगळा संप्रदाय उभा आहे.

ज्ञानदेवादी भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते. आईबापांचे छत्र गेले होते, हक्काचे घर नव्हते. त्याच ज्ञानदेवांनी नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली. ज्यांना स्वतःचे छप्पर नव्हते, त्यांनी मराठी घराघराला आधार दिला. तुम्ही पारायणाला बसता तो ग्रंथ कोणत्याही शुभ कोपऱ्याच्या जोरावर उभा राहिलेला नाही.

कोणी म्हणेल, हे शास्त्र जुने आहे, त्यात उजेडाचा आणि वाऱ्याचा विचार आहे. जरूर असेल. मग उजेडाचा विचार उजेड म्हणून करा. सकाळचे ऊन घरात येते का, स्वयंपाकघरातला धूर बाहेर जातो का, पावसात भिंत ओली होते का, हे घर घेण्याआधी पाहा. तो शहाणपणाचा व्यवहार आहे. वास्तुशांत करायची तर तीही श्रद्धेने करा. पण भीतीला धर्माचे नाव देऊन कोणी दारात दुकान मांडत असेल, तर वारकऱ्याने त्याला नम्रपणे परत पाठवावे. नामावर विश्वास आहे आणि पिरॅमिडही हवा, असे म्हणणाऱ्याचा विश्वास नेमका कशावर आहे?

खरा वास्तुदोष मी सांगतो. नकाशात देव्हाऱ्याची जागा ठरते, तिजोरीची ठरते, टीव्हीची तर आधीच ठरलेली असते. गावाहून आणलेल्या म्हाताऱ्या वडिलांची खाट कुठे टाकायची, हे मात्र सामान लागल्यावर आठवते. ज्यांनी गावात ओट्यावर बसून चार माणसांत हरिपाठ म्हटला, ते इथे गॅलरीच्या गजांतून रस्ता बघत बसतात. त्यांनी टाळ हाती घेतला की मुलांच्या अभ्यासाचे कारण निघते आणि टाळ माळ्यावर जातो. ईशान्य कोपरा कितीही शुद्ध ठेवा, त्या घरात देव कोणत्या विटेवर उभा राहील?

दुसरा दोष दाराबाहेर आहे. पंढरीला महाद्वारात नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. ज्यांना जिवंतपणी देवळात येऊ दिले नाही, त्यांच्यासमोर आपण माथा टेकतो. वारीत लहानथोर सगळ्यांच्या पाया पडतो, प्रत्येकाला माउली म्हणतो. आणि नव्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बाईंसाठी वेगळी लिफ्ट असावी, असा ठराव आला की हात वर करतो. वॉचमनचे नाव वर्षभरात विचारत नाही. मग ती माउली वाखरीलाच राहिली म्हणायची का?

म्हणून नव्या घरात सामान लावण्याआधी एवढे करा. सगळ्यांत उजेडाची आणि वाऱ्याची जागा आईवडिलांना द्या. त्यांच्या हाताशी पोथी आणि टाळ ठेवा. पहिल्या संध्याकाळी दार उघडे ठेवून हरिपाठ म्हणा. शेजाऱ्यांना बोलवा, जिना झाडणाऱ्यालाही बोलवा, आणि प्रसाद एकाच ताटातून वाटा. वास्तुतज्ज्ञासाठी बाजूला काढलेले पैसे एखाद्या दिंडीच्या अन्नदानाला द्या.

एवढे झाल्यावर दार कोणत्या दिशेला आहे, हे कोणी विचारलेच, तर सांगा, दार उघडे आहे.

रामकृष्ण हरी.