आफ्रिकेचा कच्चा हिरा आणि अंधेरीचा कारागीर

फेब्रुवारी २०२५ मध्ये बोत्सवाना सरकार आणि डी बिअर्स यांच्यात हिरेविक्रीचा नवा करार झाला. त्यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या देबस्वाना कंपनीच्या खाणींतून निघणाऱ्या हिऱ्यांपैकी पहिली पाच वर्षे ३० टक्के आणि पुढची पाच वर्षे ४० टक्के हिरे आता बोत्सवानाची सरकारी कंपनी स्वतः विकणार आहे. आपल्याकडे अशी बातमी आली की पहिला प्रश्न पडतो तो कच्च्या मालाचा. साहजिक आहे. पन्नाची एक खाण सोडली तर भारत जवळपास सगळा कच्चा हिरा बाहेरून आणतो. त्याचे सौदे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये होतात, पैलू मुख्यतः सुरतेत पडतात आणि अंधेरीच्या सीप्झमध्ये हिरे दागिन्यांत जडवले जातात.

पण हे देश आपला माल अडवतात तरी का? मुळात ही सरसकट बंदी नाही. दक्षिण आफ्रिका २००८ पासून कच्च्या हिऱ्याच्या निर्यातीवर ५ टक्के कर घेते आणि बाहेर जाणारा माल आधी देशातल्या कारागिरांना दाखवावा लागतो. टांझानियाचा प्रश्न चोरट्या वाटेचा होता. टांझानाइट हे रत्न फक्त तिथेच सापडते, तरी ते सीमेपलीकडून विकले जाई. म्हणून २०१८ मध्ये मिरेरानीच्या खाणींभोवती २४ किलोमीटरची भिंतच उभी राहिली.

बोत्सवानाची गोष्ट वेगळी. हा देश १९६६ मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. तरीही त्यांची मुख्य विक्री लंडनहून होत राहिली. ती राजधानी गॅबरोनला यायला २०१३ उजाडले. हिऱ्याची निवड, पैलू, पॉलिश, जडण यांतली प्रत्येक पायरी माणसाच्या हाताने होते आणि ती जिथे होते तिथे मजुरी राहते. म्हणून काही माल देशातच घडवावा, असा बोत्सवानाचा आग्रह आहे. भारतीय व्यापाऱ्यांनीही गॅबरोनमध्ये कारखाने काढले ते त्यामुळेच.

यात आम्हाला गैर काही दिसत नाही. आपणही हेच केले आहे. १९७० च्या दशकात भारताने कच्चे कातडे परदेशी पाठवण्यावर निर्बंध आणले, ते तयार चामड्याचे आणि चपला-बुटांचे काम देशात व्हावे म्हणून. काम आले, निर्यातही वाढली. पण मेलेली गुरे ओढणे आणि कातडी सोलणे ज्यांच्या माथी पिढ्यान् पिढ्या मारले गेले, त्यांच्या हाती त्या कारखान्यांची मालकी क्वचितच आली. निर्यात अडवली की काम देशात राहते. देशात ते कोणाच्या घरी जाते, हे त्या कायद्यात लिहिलेले नसते.

बोत्सवानालाही हा प्रश्न सुटलेला नाही. तिथली मजुरी भारतापेक्षा जास्त, शिवाय प्रयोगशाळेत बनलेल्या हिऱ्यांनी भाव पाडलेले. एका खनिजावर उभ्या असलेल्या देशाला हे फार जड जाते.

इकडे सीप्झच्या कारागिराला धक्का आफ्रिकेतून बसला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले आणि सीप्झच्या दागिन्यांचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकाच आहे. अशा वेळी मालकाला सवलत मागण्यासाठी दिल्लीला जाता येते. कंत्राटावरच्या किंवा नगावर मजुरी घेणाऱ्या माणसाला घरी बसावे लागते. आम्ही विचारतो ते एवढेच: उद्योगाला मदत देताना सरकार कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीची आणि ईएसआयची नोंद तपासणार आहे का? बोत्सवानाचा हिस्सा ४० टक्क्यांवर जायला अजून काही वर्षे आहेत. ही नोंद तपासायला मात्र कुठल्याही कराराची वाट पाहावी लागत नाही.