घाम आमचा, तर निर्णयही आमचाच



सरकारी कागदात एक शब्द गेली तीस-पस्तीस वर्षे मोठ्या मानाने बसला आहे. तो शब्द म्हणजे लोकसहभाग. पाणलोटाचे काम असो, जंगल राखणे असो की तलावातला गाळ काढणे असो, योजनेच्या पहिल्याच पानावर तो सापडतो. गावात तो कसा येतो, हे मात्र आपल्याला चांगले ठाऊक आहे. नकाशा तालुक्यातून तयार होऊन येतो. ग्रामसभेला कोरम नसला तर वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. एक दिवस फावडी-टोपल्या हातात देऊन फोटो काढला जातो. मग कंत्राटदाराचे यंत्र येते आणि नाल्यावर बंधारा उभा राहतो. तिसऱ्या पावसाळ्यात त्याला भगदाड पडते, तेव्हा दुरुस्ती कोणाची हे ना खात्याला माहीत असते, ना गावाला. या सगळ्या प्रकारात लोक होते, सहभाग नव्हता.

हा प्रश्न आपल्यासाठी सभेत बोलण्यापुरता नाही. आपण कोरडवाहू माणसे. धरणाचा कालवा आपल्या शिवारात येणार नाही. आपले धरण म्हणजे आपली जमीन. हिशेब करून पाहा. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर ४ हजार लिटरच्या वर पाणी होते. ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर एकरी २८ लाख लिटर. एवढी दौलत दरवर्षी आपल्या बांधावर येते आणि जाताना काळी माती सोबत घेऊन जाते. ती अडवायची तर माझ्या एकट्याच्या शेतात बांध घालून भागत नाही. पाण्याला सातबारा कळत नाही. वरच्या शेताचे पाणी खालच्याच्या उरावर येते, गावाच्या ई-क्लास जमिनीवर गवत नसले तर सगळ्या ओढ्यांना पूर येतो. म्हणून हे काम गावानेच करण्याचे आहे. गाव करी ते राव काय करी, ही म्हण उगाच पडलेली नाही.

मग गाव ते का करीत नाही? याचे उत्तर आळस नव्हे. इंग्रजांनी १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर सरकारचा ताबा पक्का केला. ज्या झाडाला गाव आपले म्हणून राखत होते, त्याच झाडाजवळ गावकरी चोर ठरला. स्वातंत्र्यानंतरही तोच कारभार चालू राहिला. जंगल उजाड झाल्यावर १९९० साली केंद्राला संयुक्त वनव्यवस्थापन आठवले. पण समितीचा सचिव खात्याचाच माणूस! राखण गावाने करायची आणि किल्ली खात्याने ठेवायची. याला सहभाग म्हणत नाहीत, याला वेठ म्हणतात.

खरा सहभाग कसा असतो, हे पाहायला परदेशात जायला नको. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही तोंडपाठ करावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचे नाही, माणसांच्या संख्येने वाटायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा. आणि सर्वांत मोठी गोष्ट, भूमिहीनालाही पाण्यात वाटा. कारण उघड आहे. ज्याच्या विहिरीला पाणी वाढणार तो श्रमदानाला येईलच, पण ज्याला शेतच नाही त्याने दुसऱ्याच्या विहिरीसाठी का खणावे? आपल्या गावात श्रमदानाची हाक देताना हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो का? मजूर बाई एक दिवसाची मजुरी बुडवून टोपली उचलते. तिच्या घागरीत काय पडणार, याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातलेच. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गोंडांचे गाव. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. गावाने अभ्यासगट केले, कायदे वाचले. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायची वेळ आली तेव्हा वाहतुकीचा परवाना अडला. कागदावर मालकी, रस्त्यावर अडवणूक! गाव मागे हटले नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. बांबू तोडायचा किती, राखायचा किती, विकायचा कोणाला, हे आता ग्रामसभा ठरवते. जंगलाचे उत्पन्न गावाला मिळू लागले की जंगल राखायला वेगळा पहारेकरी लागत नाही.

इथपर्यंत आपण टाळ्या वाजवू. पण थोडे आपल्याही अंगणात पाहू. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस आपल्यापेक्षा कमी पडतो. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे बांधबंदिस्ती झाली, चर खणले गेले. पण बांध तर अनेक गावांत झाले. हिवरे बाजार टिकले ते नियमांमुळे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर मारायचा नाही, आणि दरवर्षी पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. आपल्याकडे काय चालते? शेजाऱ्याने दोनशे फुटांवर बोअर मारला की आपण तीनशेवर जातो आणि दोघे मिळून गावाची पिण्याची विहीर आटवतो. २०१४ पासून लागू झालेल्या राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर निर्बंध आहे, पाणलोटाच्या समित्यांची तरतूद आहे. तो कायदा पुस्तकात पडून आहे, याचा दोष एकट्या सरकारचा नाही. ई-क्लासमध्ये दरसाल एकेक तास सरकवणारे नांगरही आपलेच आहेत.

नियम न ठरवता नुसता पैसा ओतला तर काय होते, तेही आपण पाहिले. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झाले. साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. २०२० साली महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला की गावे पाण्याने स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल वाढवण्यात या खर्चाचा फारसा परिणाम दिसला नाही. काही गावांत काम चांगले झाले, हे आम्ही नाकारीत नाही. पण जिथे नाला खोल करणे हेच काम ठरले आणि पाणी कसे वापरायचे हे कोणी विचारलेच नाही, तिथे पाणी आले तसे गेले.

आणखी एक गोष्ट शहरातल्या पर्यावरणवाल्यांना ठणकावून सांगितली पाहिजे. कापसाला भाव नाही, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, अशा शेतकऱ्याला माती जपा म्हणून उपदेश करणे सोपे आहे. कर्जातला माणूस उताराची जमीन पडीक ठेवू शकत नाही, गवतासाठी राखू शकत नाही. माती राखण्याची ताकद घामाच्या दामातूनच येते. निसर्ग राखणे हे काम आहे, आणि कामाला मोल असते.

तेव्हा या जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. पहिली, पाणलोटाचा आराखडा ग्रामसभेत, शिवारफेरी करूनच तयार व्हावा. त्याआधी महिलांची ग्रामसभा भरावी, कारण पाणी कुठे आटते हे डोक्यावर हंडा असलेल्या बाईला आधी कळते. दुसरी, प्रत्येक कामाचा अंदाजपत्रकी खर्च आणि मोजमाप कामाच्या जागी फलकावर लिहावे. कोणी देत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार आपल्या हाती आहे. तिसरी, ई-क्लास जमिनीचे गवत, झाडे आणि तलावाची मासेमारी यांतला वाटा भूमिहीनांना आधी मिळावा. चौथी, दरवर्षी दिवाळीनंतर गावाने पाण्याचा हिशेब मांडावा आणि तो मोठ्या शेतकऱ्यानेही पाळावा.

सरकारकडून परवानगी येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. उताराला आडवी पेरणी करायला कोणाचा हुकूम लागत नाही. शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडल्या तर पैसा लागत नाही, आणि पडलेले पाणी कापसाच्या बुडाशी मुरते. शेजारच्या पाच शेतकऱ्यांनी मिळून एका ओघळीपासून सुरुवात करा.

आणि पुढच्या वेळी सह्यांची वही घरी आली तर सही करू नका. वही घेऊन येणाऱ्याला एवढेच सांगा, ग्रामसभा बोलवा, तिथे बोलू.