तक्ता कागदात मावलाच पाहिजे

होकोन व्यूम ली आणि बर्ट बॉस यांच्या, सीएसएस या वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या भाषेवरील पुस्तकाची २००५ची आवृत्ती सीएसएस वापरूनच छपाईसाठी तयार झाली. तरीही आज छापील अहवालांत तक्त्याचा उजवा रकाना कापलेला दिसतो, हे खटकतं.

ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद, म्हणजे सीएसएसच्या हिशेबात सुमारे ७९४ पिक्सेल. त्यातून समास वजा. १२०० पिक्सेलची आकृती त्यात मावणार कशी? पडद्यावर सरकवून पाहता येतं, कागदावर नाही.

आकृतीचं सोपं आहे: कमाल रुंदी १०० टक्के ठेवली की ती चौकटीत राहते. तक्ता मात्र हट्टी. न तुटणारा एक लांब शब्द अख्खा रकाना ताणतो. तिथे रकान्यांची रुंदी आधीच ठरवावी, लांब शब्द तोडू द्यावेत. तरीही मावेना, तर पान आडवं करावं. अक्षरं बारीक करत जाणं हा वाचकावर अन्याय आहे.