रीलची कमाई नाण्यात घ्यायची का? ‘क्रिएटर कॉइन’च्या वचनांचा हिशेब

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. कारण देशाच्या सुरक्षेचे सांगितले गेले. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटात आज आम्ही जात नाही. पण त्या दिवशी आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतली, वाड्यावस्त्यांवरची कितीतरी मुलंमुली एक गोष्ट शिकली : रात्रंदिवस खपून जमवलेले फॉलोअर आपले नसतात. दुकान दुसऱ्याचं, गल्ला दुसऱ्याचा आणि शटरची किल्लीही दुसऱ्याच्याच हातात.

आज ती मुलं इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर आहेत. कुणाची बहीण मेहंदीचे व्हिडिओ टाकते, कुणाच्या अम्मीचा बिर्याणीचा चॅनल आहे, कुणाचा भाऊ मोबाइल दुरुस्ती शिकवतो. यूट्यूब लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के बनवणाऱ्याला देते, बाकीचे स्वतः ठेवते. नियम कधी बदलतील ते सांगता येत नाही आणि चॅनल बंद पडला तर दाद मागायला समोर माणूस सापडत नाही. ही तक्रार खोटी नाही.

याच दुखण्यावरचं औषध म्हणून गेली काही वर्षं एक नवी कल्पना विकली जात आहे. व्हिडिओ, लेख, चित्र बनवणाऱ्यांसाठी स्वतःचं क्रिप्टो नाणं आणि त्यामागे ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’. मधला दलाल नाही, मालक नाही, पैसा थेट कलाकाराच्या हातात. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात काय घडलं, ते आपण पाहू.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय?

रेल्वे स्टेशनवरचा जुना वजनकाटा आठवतो? नाणं टाकलं की तिकीट बाहेर. तिथे बसलेल्या माणसाची मर्जी लागत नव्हती, यंत्रात जे ठरवून ठेवलंय तेच व्हायचं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट तसंच, फक्त ते यंत्राऐवजी संगणकाच्या कोडमध्ये लिहिलेलं असतं. ‘अमुक इतके पैसे आले की तमुक व्यक्तीला इतका हिस्सा जावा’, असा करार कोड स्वतःच अमलात आणतो. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियम या जाळ्यामुळे असे करार लिहिणं सोपं झालं. त्याची नोंद एका कंपनीच्या सर्व्हरवर नसून अनेक संगणकांवर एकाच वेळी राहते, म्हणून कुणा एकाला ती गुपचूप बदलता येत नाही.

कल्पना म्हणून यात वाईट काहीच नाही. प्रश्न पुढे सुरू होतो.

स्टीमची गोष्ट

लेखकांना नाण्यात मोबदला देणारा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे २०१६ साली अमेरिकेत सुरू झालेलं स्टीम आणि त्यावर चालणारं स्टीमिट. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर हे त्याचे संस्थापक. लेख टाका, लोक मत देतील, मतांनुसार ‘स्टीम’ नाणी मिळतील, अशी पद्धत होती. पण ज्याच्याकडे नाणी जास्त, त्याच्या मताचं वजनही जास्त. म्हणजे शंभर गरीब वाचकांच्या पसंतीपेक्षा एका बड्या नाणेधारकाचा अंगठा भारी पडायचा. शिवाय साधारणपणे अर्धा मोबदला ‘स्टीम पॉवर’ या कुलूपबंद रूपात मिळत असे. तो मोकळा व्हायला सुरुवातीला तब्बल १०४ आठवडे लागत, पुढे ती मुदत १३ आठवड्यांवर आली. मजुरी आज केली, हातात पडेपर्यंत नाण्याचा भाव काय असेल ते अल्लाह जाणे!

खरी परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये झाली. ट्रॉन या क्रिप्टो जाळ्याचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीपासूनचा नाण्यांचा मोठा साठा होता. या साठ्याच्या जोरावर सगळं जाळंच ताब्यात जाईल, अशी भीती वापरकर्त्यांना वाटली. स्टीमचं कामकाज चालवणाऱ्या निवडून आलेल्या मंडळींना ‘विटनेस’, म्हणजे साक्षीदार म्हणत. त्यांनी तो साठा गोठवला. मार्चच्या सुरुवातीला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या बाजारांनी आपल्याकडे ठेवलेल्या नाण्यांच्या बळावर मतदान केलं आणि आघाडीचे २० साक्षीदार बघता बघता बदलले. ती नाणी ग्राहकांची होती, अमानत म्हणून ठेवलेली. ओरड झाल्यावर बाजारांनी मतं मागे घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

२० मार्च २०२० रोजी नाराज मंडळींनी ‘हाइव्ह’ नावाचं वेगळं जाळं सुरू केलं. मे महिन्यात स्टीमच्या नव्या साक्षीदारांनी नियमच असा बदलला की विरोधकांच्या ६४ खात्यांतली सुमारे २ कोटी ३६ लाख नाणी काढून घेतली गेली. ज्या जाळ्यावर ‘तुमची नाणी कुणीही हिरावू शकत नाही’ असं सांगितलं जात होतं, तिथेच हे घडलं.

यातून आम्हाला दिसतं ते असं की मालक नाहीसा होत नाही. फक्त त्याच्या दारावरची पाटी काढली जाते.

कलाकाराचा हिस्साही ऐच्छिक

दुसरा प्रयोग चित्रकारांसाठीचा. एनएफटी, म्हणजे डिजिटल चित्राचं मालकीपत्र. वचन असं होतं की चित्र पुढे जितक्या वेळा विकलं जाईल, तितक्या वेळा मूळ चित्रकाराला ५-१० टक्के हिस्सा आपोआप मिळत राहील. पण हा ‘आपोआप’ शब्द फसवा होता. हिस्सा किती, याची नोंद कोडमध्ये असायची. तो वसूल करायचा की नाही, हे बहुतेक ठिकाणी विक्रीच्या बाजारावर अवलंबून होतं. २०२२ मध्ये ब्लर नावाचा स्वस्त बाजार आला, स्पर्धा पेटली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसी या बड्या बाजारानेही हा हिस्सा ऐच्छिक करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे इच्छा असेल तर द्यावा.

आपल्याकडे काय झालं?

भारतातही हा प्रयोग झाला. टिकटॉकच्या बंदीनंतर वाढलेल्या चिंगारी या बंगळुरूच्या ॲपने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘गारी’ नाणं आणलं. प्रचारासाठी सलमान खान होते. व्हिडिओ बनवा, पहा आणि नाणी कमवा, असं सांगितलं गेलं. जुलै २०२२ मध्ये या नाण्याचा भाव काही तासांत कोसळला. ज्याने महिनाभर व्हिडिओ करून नाणी साठवली होती, त्याच्या मेहनतीत काडीचाही फरक पडला नव्हता. फरक पडला तो बाजारात कुणी किती विकलं, यामुळे. कष्ट कलाकाराचे आणि जोखीम सट्टेबाजाची, असा हा उलटा व्यवहार आहे.

कायद्याची बाजूही पाहून घ्या. क्रिप्टो नाणी भारतात कायदेशीर चलन नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या विक्रीवरील नफ्यावर ३० टक्के कर आहे, तर जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापला जातो. एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

हलाल की हराम?

हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. उलेमांमध्ये एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये क्रिप्टोचा चलन म्हणून वापर हराम ठरवला. त्यामागे ‘गरर’, म्हणजे व्यवहारातली धोकादायक अनिश्चितता, हे एक मोठं कारण होतं. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया सल्लागार मंडळाने मात्र २०२० मध्ये नोंदणीकृत बाजारातल्या डिजिटल मालमत्तेच्या खरेदी-विक्रीला तत्त्वतः परवानगी दिली. आम्ही फतवा देणारे नाही. आपापल्या विश्वासातल्या आलिमांना विचारा, पण विचारताना ‘क्रिप्टो चालतं का?’ एवढंच नको. मोबदला कशात मिळतो, तो कधी मोकळा होतो, भाव कोण ठरवतं, हेही त्यांच्यासमोर ठेवा.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं सगळं असतं, हे मान्य. पण आपल्या मुलाला ते वाचता येतं का? आणि साक्षीदार एका रात्रीत बदलता येत असतील, तर त्या साक्षीला किंमत काय?

घरात बसून विचारायचे प्रश्न

तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. उलट आपल्या मुलामुलींनी हे कोड लिहायला शिकावं, त्यात नोकऱ्या आहेत. पण उद्या मुलगा किंवा मुलगी असं एखादं नवं ॲप घेऊन आली, तर ओरडू नका आणि डोळे झाकून हो पण म्हणू नका. सोबत बसून एवढं विचारा :

- एकूण नाण्यांपैकी किती नाणी कंपनी आणि तिच्या सुरुवातीच्या गुंतवणूकदारांकडे आहेत?
- मिळालेलं नाणं रुपयांत कधी, कुठे आणि किती कपात होऊन बदलता येईल?
- नियम कोण बदलू शकतं?
- आधी आपले पैसे भरायला सांगतात का? सांगत असतील तर तिथेच थांबा.
- गडबड झाली तर भारतात तक्रार कुणाकडे करायची?

यांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर ते काम फार तर हौस म्हणून करावं, घरखर्चाचा हिशेब त्यावर बांधू नये. कमाई रुपयांत घ्यावी. आणि जी बहीण मेहंदीच्या ऑर्डर घेते, तिने आपल्या ग्राहकांची नावं आणि नंबर एका साध्या वहीत लिहून ठेवावेत. ॲप उद्या बंद पडलं, नाणं परवा बुडालं, तरी ईदच्या आठवडाभर आधी त्या वहीतल्या नंबरांवर फोन करता येतो.