ज्याला पंखच नाहीत, त्याचं बारसं

बाल्कनीतल्या कुंडीत लावलेल्या मिरचीची पानं कडेने वर वळायला लागली की घरातली जाणती माणसं लगेच म्हणतात, "चुरडामुरडा आलाय." पान उलटून नीट पाहिलं, तर पिवळसर रंगाचे, बारीक, लांबुडके किडे तुरुतुरु पळताना दिसतात. हेच ते फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. कांदा आणि मिरची पिकवणाऱ्यांना त्यांची ओळख करून द्यायची गरजच नाही. २०२१-२२ च्या हंगामात 'थ्रिप्स पार्विस्पायनस' नावाच्या, बाहेरून आलेल्या जातीने तेलंगणा आणि आंध्र प्रदेशातल्या मिरचीचं मोठं नुकसान केलं होतं.

पण मित्रांनो, सगळ्या घराण्याला एकाच नजरेने पाहू नका बरं! जगात फुलकिड्यांच्या सहा हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. त्यातल्या जवळपास निम्म्या जाती आपल्या पिकाला तोंडही लावत नाहीत. त्या बुरशी खाऊन जगतात. वाळलेली फांदी, झाडावरच लटकून राहिलेली सुकी पानं, झाडाखालचा पालापाचोळा हे त्यांचं घर आणि तेच त्यांचं ताट. काही जण बुरशीच्या धाग्यांतला रस शोषतात, तर काही जण तिचे बीजाणू अख्खेच्या अख्खे गिळतात.

पंख कुठे गेले?

फुलकिड्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव आहे थायसॅनोप्टेरा, म्हणजे झालरीच्या पंखांचे. गंमत अशी, की बुरशी खाणाऱ्या अनेकांना हे पंखच नसतात. जेवण पायाशी असेल तर उडायचं कशाला? काही जातींत तर एकाच वसाहतीत पंखवाले आणि बिनपंखी असे दोन्ही सापडतात. पंख गेले की शरीरही बदलतं. उडण्याचे स्नायू नसल्याने छातीचा भाग लहान होतो. डोक्यावरचे तीन छोटे साधे डोळेही बऱ्याचदा नाहीसे होतात.

आणि इथेच शास्त्रज्ञांची खरी परीक्षा सुरू होते. काही जातींचे नर आपापसांत भांडतात. धिप्पाड नराचे पुढचे पाय पैलवानाच्या दंडासारखे जाडजूड असतात, तर त्याच जातीचा लहानखुरा नर मादीसारखाच दिसतो. त्यामुळे पूर्वी एकाच जातीला दोन-दोन नावं दिली गेल्याची उदाहरणं आहेत. असं लक्षात आलं, की साधारणपणे आधी दिलेलं नाव टिकतं आणि नंतरचं बाद होतं. म्हणून एक किडा सापडला आणि "नवीन जात मिळाली!" म्हटलं, असं चालत नाही. नर-मादी, लहान-मोठे, पंखवाले-बिनपंखी असे जमतील तेवढे नमुने पाहावे लागतात.

बारशाची तयारी

पांढरा ट्रे खाली धरून सुकी फांदी हलकेच झटकायची. ट्रेमध्ये पडलेले किडे ओल्या ब्रशने उचलून अल्कोहोलमध्ये ठेवायचे. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात ठेवून शरीर आतून साफ करायचं, अल्कोहोलने पाणी काढायचं आणि लवंगेच्या तेलात ठेवून ते पारदर्शक करायचं. हो, तेच तेल, जे आजी दुखऱ्या दाताला लावायची! शेवटी काचेच्या स्लाइडवर कॅनडा बाल्सममध्ये किडा बसवायचा. मग मायक्रोस्कोपखाली डोक्याचा आकार, अंगावरच्या केसांची जागा आणि लांबी, शेवटची नळीसारखी शेपटी हे सगळं मोजायचं आणि आधीच्या जातींशी ताडून पाहायचं.

कुठेच जुळलं नाही, तरच नवं नाव. ते गावावरून, गुणावरून किंवा एखाद्या व्यक्तीवरून ठेवता येतं, पण स्वतःचं नाव द्यायची पद्धत नाही. ज्या नमुन्यावरून नाव ठरतं, त्याला 'होलोटाइप' म्हणतात. तो संग्रहालयात जपून ठेवतात, म्हणजे पन्नास वर्षांनीही कुणाला शंका आली तर तो पुन्हा तपासता येतो.

भारतात या कामाचा मजबूत पाया घालणाऱ्यांत चेन्नईच्या लोयोला कॉलेजमधले प्रा. टी. एन. अनंतकृष्णन यांचं नाव आदराने घेतलं जातं. पुढे ते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालकही झाले. आज आपल्या देशातून फुलकिड्यांच्या सातशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत.

पण एवढा खटाटोप कशासाठी?

पहिलं कारण शेताचं. कीड कुठली आणि निरुपद्रवी कुठला हे कळलं नाही, तर औषध चुकीच्या जागी फवारलं जातं. दुसरं कारण त्या किड्याचं. पंखवाला जीव निदान दुसरीकडे जाऊ शकतो. बिनपंखी जीवाचं जग म्हणजे ती एक फांदी, तो एक ढीग. ढीग पेटवला की सगळं संपलं. आणि ज्याचं नावच कुठल्या यादीत नाही, तो गेल्याचं कळणार तरी कुणाला?

या रविवारी मुलांना घेऊन एक सोपा प्रयोग करा. बागेतली एखादी सुकी फांदी पांढऱ्या कागदावर हलकेच झटका आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. कुणी चालताना दिसलं, तर बघून झाल्यावर त्याला पुन्हा पाचोळ्यात सोडा. आणि तो पाचोळा जाळू नका. एका कोपऱ्यात कुजू द्या. कुंड्यांना खत मिळेल आणि बुरशीवर जगणाऱ्यांचं घरही शाबूत राहील.