टीएसएच नॉर्मल, रुग्ण बेजार

थायरॉइडच्या रुग्णाला टीएसएच या रक्तचाचणीचा आकडा दाखवून वाटेला लावणे थांबलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २५ मेच्या जागतिक थायरॉइड दिनाची शिबिरे रक्त तपासून मोकळी होतात. हाशिमोटो या थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार आजाराच्या काही रुग्णांत थायरॉक्सिनच्या गोळीने आकडा जागेवर येऊनही थकवा, केसगळती, मरगळ उरते. त्याची नोंद कोणत्या रकान्यात?

‘सगळे मनाचे खेळ’ हे ऐकून (आणि ते बहुधा बाईलाच ऐकवले जाते) वैतागलेला रुग्ण थायरॉक्सिन सोडून चूर्णवाल्याच्या दारी जातो. हा धोका थकव्याहून मोठा.

गोळी उपाशीपोटी घेतली जाते की चहा-कॅल्शियमसोबत, एवढे तरी डॉक्टरांनी विचारावे. तरीही त्रास उरलाच, तर त्याची इतर कारणे शोधायला फेरिटिन (लोहसाठा), बी-१२ आणि सिलिअ‍ॅक (ग्लूटेन न सोसणारा आतड्यांचा आजार) यांच्या तपासण्या सरकारी रुग्णालयांत मोफत व्हाव्यात. आरोग्य खात्याने तसा लेखी आदेश काढावा.